नऊवारी नेसून चवऱ्याला

२२ मार्च, रत्नागिरी

रत्नागिरीला मी नेत्रावती एक्सप्रेसमध्ये चढले तेव्हा अंगात शर्ट-पँट होती आणि बॅगेत हिरवी नऊवारी. 'चढले' असं मी आत्ता लिहितेय. त्या संध्याकाळी ताईला फोनवर मात्र "चढलो गं, जागा मिळाली" असंच म्हटलं. मराठीत यातून सुटका नाही. पहिलं क्रियापद तोंडातून बाहेर पडलं की तुम्ही कोण ते ठरून जातं. मी बाई आहे हे मला कळून वीसेक वर्षं झाली, ताईला सांगून तीन. तरी तिच्याशी बोलताना जीभ 'लो'वरच जाते. हे वर्णन तरी मी माझ्या क्रियापदांत लिहिते.

मित्र पनवेललाच चढला होता. त्याला साडी नेसायला, नटायला मनापासून आवडतं, पण तो पुरुष आहे. साडीत असला तरी "मी आलो"च म्हणतो आणि त्याच्यापुरतं ते खरंच आहे. त्याच्या बायकोला सगळं ठाऊक आहे, ब्लाउजना इस्त्री तिनेच करून दिली होती. आम्ही दोघं वेगळे, पण बॅगा उघडल्या तर सामान एकच: केसांचा टोप, पिनांची डबी, नारिंगी कन्सीलर, पावडर, दोन ब्लाउज, सुती परकर.

निघालो होतो केरळात, कोल्लम जिल्ह्यातल्या चवरा गावी. तिथल्या कोट्टनकुळंगरा देवीच्या देवळात मल्याळी मीनम महिन्याच्या दहा आणि अकरा तारखेला, म्हणजे साधारण २४-२५ मार्चला, चमयविळक्कू असतो. चमयम म्हणजे साजशृंगार, विळक्कू म्हणजे दिवा. हजारो पुरुष साडी नेसून, गजरे माळून, हातात दिवा घेऊन पहाटेपर्यंत देवीची वाट बघत उभे राहतात. कुणाचा नोकरीसाठी नवस, कुणाचा मुलाच्या आजारपणासाठी. आणि आमच्यासारखेही येतात.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझं आजोळ आठवलं. कुडाळजवळचं गाव, जत्रेची रात्र, दशावतार. बाकीची पोरं पुढे जागा धरून बसायची, मी मागच्या पडवीत जाऊन उभी राहायची. स्त्रीपार्टी करणारा नट ट्रंकेला आरसा टेकवून स्वतःच रंग लावायचा, मग उठून लुगडं नेसायचा. निऱ्या, मग काष्टा, मग मागे वळून न बघता फक्त बोटांनी चाचपून खोचलेलं टोक. मी सात-आठ वर्षांची असेन. त्या बोटांची सगळी हालचाल मला पाठ झाली. नऊवारी मला कुणी शिकवली नाही, मी ती तिथून आणली.

तिकिटाचं एक सांगून ठेवते. रेल्वेच्या आरक्षणात पुरुष, स्त्री आणि ट्रान्सजेंडर असे तीन पर्याय असतात. तुमच्या ओळखपत्रावर जे असेल तेच भरा. कपडे काहीही असोत, नाव आणि ओळखपत्र जुळलं की पुढचं बोलणं कमी होतं.

२३ मार्च, गाडीत आणि कोल्लम

सकाळी जाग आली तेव्हा बाहेर नारळच नारळ, म्हणजे घरच्यासारखंच, फक्त माती जास्त लाल. समोरच्या बर्थवर एक मल्याळी आजी होत्या. ठाण्याला तीस वर्षं नर्सिंग करून आता गावी निघालेल्या. त्यांनी कुठे निघालात म्हणून विचारलं. मी उत्तर जुळवत होते तोवर मित्राने सरळ सांगून टाकलं, "चवऱ्याला. चमयविळक्कूला." आजींनी डबा उघडला, केळ्याचे वेफर्स आमच्या पुढे केले आणि म्हणाल्या, "माझ्या भावाने धरलाय दिवा. गल्फची नोकरी लागायला."

मग त्यांनी आम्हाला कामापुरतं मल्याळम शिकवलं. वेळ्ळम म्हणजे पाणी. वळ्ळम म्हणजे होडी. वेण्डा म्हणजे नको. मती म्हणजे पुरे. चेच्ची म्हणजे ताई. आणि मध्येच म्हणाल्या, "मराठी शिकताना मला सगळ्यात त्रास कशाचा झाला माहितीये? ते आलो-आले. आमच्यात नाही तसं. ञान वन्नु. बाप्या असू दे, बाई असू दे, ञान वन्नु."

ञान वन्नु. मी आलो, मी आले, दोन्ही. मी ते दहा-बारा वेळा पुटपुटले. एका भाषेत, लाखो माणसं रोज बोलतात अशा साध्या वाक्यात, मला काहीच ठरवावं लागत नव्हतं. आजींना मी माझ्याबद्दल काही सांगितलं नाही. एर्णाकुळमला उतरताना त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाल्या, "नीट दाढी करून मग लाव रंग."

संध्याकाळी कोल्लमला उतरलो ते भट्टीतच. पारा फार वर नसतो, पण हवेत इतकं पाणी की शर्ट पाठीला चिकटतो. लॉज दोन महिने आधी घेऊन ठेवलं होतं आणि उत्सवासाठी येतोय, रात्री साडीत बाहेर पडू, पहाटे साडीत परत येऊ, हे फोनवरच स्पष्ट सांगितलं होतं. तुम्हीही सांगा. नाही म्हणायचं तर माणूस आधीच म्हणतो. मध्यरात्री दाराशी वाद होण्यापेक्षा ते बरं. उत्सवाच्या दिवसांत चवरा, करुनागप्पळ्ळी आणि कोल्लम सगळीकडे खोल्या भरतात.

२४ मार्च, चवरा

कोल्लमहून चवरा १५ किलोमीटरच्या आत. बस नींडकराच्या पुलावरून जाते, खाली मासेमारीच्या बोटी. रस्त्याचं काम चाललेलं, धूळ, वळवलेली वाहतूक. पाटीवर बघितलं तर एनएच ६६. आमच्या हातखंब्यावरून जातो तोच रस्ता, तीच धूळ! लहानपणापासून ज्या रस्त्याच्या कडेला मी एसटीची वाट बघत उभी राहिले, तोच इथे देवळाच्या दारात येऊन पोचला होता. मला फार बरं वाटलं.

दुपारी लहान मुलगे सजून येतात. आई-बापांच्या कडेवर, डोळ्यांत काजळ, डोक्यावर फुलं, हातात छोटा दिवा. तीन-चार वर्षांचा एक मुलगा स्वतःच्या बांगड्या वाजवून बघत होता आणि बापाला ऐकवत होता. बाप ऐकत होता.

देवळाची कथा अशी सांगतात. गुराख्यांच्या पोरांना एक नारळ सापडला, तो त्यांनी दगडावर आपटला तर दगडातून रक्त आलं. दगडात देवी आहे असं कळल्यावर पोरांनीच पूजा मांडली, मुलींसारखे कपडे घालून, फुलं वाहून. तेव्हापासून ही रीत. आपल्याकडे यल्लम्माचे जोगते आहेत, पण तिथे देवीने एकदा धरलं की माणूस जन्माचा तिचा. इथे देवी एका रात्रीपुरतं बोलावते आणि सकाळी परत पाठवते. हा फरक मला त्या दुपारी नुसता लक्षात आला. तो काय आहे ते दुसऱ्या दिवशी कळलं.

संध्याकाळी देवळाच्या आसपास रंगभूषेचे मांडव लागतात. रांग, पंख्यांची घरघर, टोप चिकटवायच्या स्पिरिट गमचा वास. ज्यांना परवडतं ते तिथे बसतात, पण खरं बघण्यासारखं होतं ते रस्त्याच्या कडेला. एक रिक्षा उभी होती, तिच्या आडोशाला पन्नाशीचा एक भरदार मिशीचा माणूस परकरात हात पसरून उभा. बायको गुडघ्यावर बसून त्याच्या निऱ्या घालत होती. तोंडात तीन पिना धरलेल्या, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. त्याने पोट आत घ्यावं म्हणून ती त्याला कोपराने ढोसत होती. निऱ्या बसल्या तशी तिने एकेक पिन तोंडातून काढून लावली, दोन पावलं मागे गेली, परत आली आणि पदराची एक घडी सोडवून पुन्हा घातली. पहिल्या घडीतही काही चूक नव्हती. तिला ती आणखी चांगली हवी होती.

मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मित्राचेही डोळे भरले होते. त्याने तिथूनच बायकोला व्हिडिओ कॉल लावला.

त्या माणसाला हिंदी येत होतं, मुंबईत भांडुपला बरीच वर्षं काढलेली. दर वर्षी येतो म्हणाला, मुलगी मोठ्या दुखण्यातून उठली तेव्हापासून. मला म्हणाला, "तुम्हाला कोण नेसवणार?" म्हटलं, मी स्वतः. मांडवातल्या रंगभूषाकाराने नऊवारी उलगडली तेव्हा तो चक्रावला, इतकी लांब साडी त्याने बघितली नव्हती. पाचवारीसारखी गोल गुंडाळायला लागला तेव्हा मी म्हटलं, वेण्डा. आणि उभ्या-उभ्या काष्टा घातला. आजूबाजूच्या सात-आठ बायका जमल्या. एकीने मागे वाकून काष्टा कुठे खोचलाय ते बघितलं, आपल्या मुलीला बोलावून तिलाही दाखवलं, आणि मला परत एकदा सोडून नेसायला लावलं. मी नेसून दाखवली. दुसरी मग माझ्या अंबाड्याला मोगरा बांधून गेली, पैसे घेतले नाहीत.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. दाढी दुपारी करू नका, रंग लावायच्या तासभर आधी करा. निळसर छटेवर आधी नारिंगी लावा, मग वरचा रंग. मलमल किंवा सुती अस्तराचाच ब्लाउज शिवून न्या, सिंथेटिकमध्ये पहाटेपर्यंत घामोळं येतं. टोप स्पिरिट गमने चिकटवलात तरी कपाळाशी घामाने सुटतो, चार पिना जास्त लावा. देवळाजवळ अनवाणीच राहावं लागतं. पाणी पीत राहा. बाथरूमच्या भीतीने न पिता उभे राहिलेले दोघं-तिघं मी चक्कर येऊन बसलेले बघितले. लॉजवरून निघताना जाऊन या आणि पाण्यात मीठ-साखर घालून बाटली जवळ ठेवा. फोटो प्रत्येक जण काढतो. २०२३ साली इथल्या एका सजलेल्या पुरुषाचा फोटो एका रेल्वे अधिकाऱ्याच्या ट्वीटमुळे देशभर फिरला. घरी माहीत नसेल तर हे धरूनच चला. आणि रथापासून लांब राहा. २०२४ साली याच गर्दीत रथाच्या चाकाखाली सापडून पाच वर्षांची मुलगी गेली.

दिवा तिथेच भाड्याने मिळतो. लाकडी दांड्यावर बसवलेला, पाच वातींचा. दिसतो तसा हलका नसतो. रात्र चढली तशा रस्त्याच्या दोन्ही कडांना ओळी लागल्या. माझ्या एका बाजूला कॉलेजातला मुलगा, दुसऱ्या बाजूला कोझिकोडहून आलेली एक ट्रान्स बाई. तिच्या साडीचे काठ सोनेरी, केस स्वतःचे. तिने माझी वात दोनदा पुढे सारून दिली. तिला थोडं हिंदी येत होतं. म्हणाली, "हे सगळे इथे येऊन बाई झाले. मी घरातून निघाले तेव्हाच अशी होते." रागाने नाही म्हणाली. जसं आहे तसं.

पहाटे चेंड्यांचा, म्हणजे तिथल्या ढोलांचा, आवाज जवळ आला आणि देवी आली. ओळीतले सगळे दिवे एकदम थोडे वर उचलले गेले. माझ्या मनगटावर तेल ओघळत होतं, काष्ट्याखाली पाय थरथरत होते. मी काही मागितलं नाही. मागायचं ठरवून आले होते, पण ती समोर होती तेव्हा मला एवढंच वाटलं की तिने मला बघावं.

२५ मार्च, चवरा ते कोल्लम

उजाडलं आणि दहा मिनिटांत बायका नाहीशा झाल्या.

बघता बघता साड्या सुटल्या, टोप पिशव्यांत गेले, लुंग्या आल्या. भांडुपवाल्यांनी नळाखाली तोंड धुतलं, बायकोने साडीची घडी घातली, दोघं चहा पीत उभे राहिले. कॉलेजातला मुलगा शर्ट घालून बाईकवर निघूनही गेला. मित्रानेही रिक्षाच्या आडोशाला कपडे बदलले आणि शांतपणे म्हणाला, "झालं गं माझं. भरून पावलो." ते खरं होतं, त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मी तशीच उभी होते. माझं झालं नव्हतं. शर्ट-पँटची पिशवी हातात होती. कोझिकोडची ती थोड्या अंतरावर बसथांब्याकडे चालली होती, काठ सावरत, रोजच्यासारखी. मी पिशवी मित्राकडे दिली आणि नऊवारीतच बसमध्ये चढले.

बसमध्ये कुणी काही बोललं नाही, सकाळी तो रस्ता अजून देवीचाच असतो. दुपारी तसं राहिलं नाही. झोपून उठून मी साधी सुती पाचवारी नेसले आणि आम्ही जेवायला बाहेर पडलो. स्टेशनच्या बाजूला एका खानावळीत पुढची टेबलं रिकामी असताना मालकाने आम्हाला मागे, हात धुवायच्या नळाजवळ बसवलं. वाढप्याने माझ्याकडे न बघता मित्राला विचारलं, मी काय खाणार. हॉटेल, दुकान, वाहन, कुठेही अशी वेगळी वागणूक द्यायला ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याने मनाई आहे. ट्रान्सजेंडर धोरण आणणारं देशातलं पहिलं राज्यही केरळच, २०१५ साली. हे सगळं मला पाठ आहे. तिथे घशातून आवाज निघाला नाही. भात अर्धा टाकून उठले. रात्री जागून ज्यांनी दिवे धरले त्यांच्यातलाच कुणी आत भांडी घासत असेल, हे मनातून जात नव्हतं.

मित्र म्हणाला, "उद्या बदल हवं तर." मी नाही म्हटलं.

२६ मार्च, मन्रो तुरुत्तु

पहाटे निघालो. कळ्ळडा नदी अष्टमुडी सरोवराला मिळते तिथली ही बेटं, त्रावणकोरचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल मन्रो यांच्या नावाची. वळ्ळम म्हणजे अगदी अरुंद होडी, बांबूने रेटत नेतात. साडीत बसायचं तर आधी नावाड्याचा हात धरा, निऱ्या गोळा करून मग पाऊल टाका, आणि बसल्यावर पदर कमरेला खोचा, नाही तर तो पाण्यातून ओढत येतो. नावाडी सत्तरीचा. वाटेत भरतीचं पाणी शिरून सोडलेली घरं दाखवत होता. एका घराच्या उंबऱ्यावर शेवाळ चढलेलं, आत भिंतीवर कॅलेंडर तसंच. पुलाखालून जाताना म्हणायचा, "चेच्ची, डोकं." तीन-चार पूल आले, दर वेळी चेच्ची. त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

जेवलो एका घरगुती ठिकाणी. कप्पा म्हणजे उकडलेला कसावा, आणि माशाची लालभडक आमटी, करिमीनची. आंबटपणा ओळखीचा वाटला म्हणून विचारलं, तर घरच्या बाईंनी आतून काळी वाळलेली फोड आणून हातावर ठेवली. कुडमपुळी. आमच्या कोकमाचीच बहीण, वासाला थोडी धुरकट. मी खुणांनी आमसुलं कशी वाळवतात ते सांगितलं. त्यांनी मला कागदात बांधून मूठभर दिली आणि दुसऱ्यांदा भात वाढला. कालचा भात तिथे भरून निघाला.

तिथल्या अंगणातून ताईला फोन केला. "काय रे, बरा आहेस ना?" म्हणाली. मी म्हटलं, "बरी आहे. उद्या निघते." पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "गाडीत खायला काहीतरी घे बरोबर."

२७-२८ मार्च, परत

परतीची नेत्रावती मी साडीत पकडली, आयुष्यात पहिल्यांदा. तपासनीसाने यादी बघितली, आधार बघितलं, मला बघितलं, खूण केली आणि पुढे गेला. समोरच्या कुटुंबातल्या बाईंनी मुलाला खिडकीकडून उचलून आतल्या बाजूला घेतलं आणि रत्नागिरीपर्यंत तो तिथेच राहिला. त्याला बाहेरचे बोगदे बघायचे होते.

मधला बर्थ टाळा, साडीत वर चढणं अवघड जातं. खालचा मिळत नसेल तर रात्रीसाठी पंजाबी ड्रेस ठेवा. लांबच्या प्रवासात टोपाऐवजी ओढणी किंवा स्कार्फ बरा, टाळूला हवा लागते.

मित्र पुढे पनवेलला गेला. मी रत्नागिरीला उतरले, रिक्षा केली, घरी आले.

नऊवारीला तेलाचे डाग पडले होते, मनगटाच्या उंचीवर एक मोठा. पावडर दाबून ठेवली, मग धुतली, तरी पिवळी कड राहिलीच. आजवर माझ्या साड्या मी खोलीतच वाळवल्या आहेत, दार लावून, खुर्च्यांच्या पाठींवर. नऊ वार असे वाळायला दोन दिवस लागतात आणि कुबट वास धरतात. या वेळी बादली घेऊन अंगणात गेले आणि दोरीवर पूर्ण टाकली, दोन्ही टोकं सोडून.

शेजारच्या काकू फुलं काढत होत्या. "ताई आलीये का?"

"नाही. माझी आहे."

काकूंनी साडीकडे बघितलं, मग डागाकडे. "उन्हात ठेवू नकोस," म्हणाल्या, "हिरवा लगेच उडतो."

मी साडी फणसाच्या सावलीत ओढली.